तोंडात घातलेलं पाणी बाहेर आलंच पाहिजे: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या तोंडाची निगा

दात घासून झाले की आपण चूळ भरतो आणि थुंकतो. एखादा थेंब भलतीकडे गेलाच तर जोराचा ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं आणि तो थेंब बाहेर फेकला जातो. या साध्या वाटणाऱ्या गोष्टीला शुद्ध लागते, जीभ आणि घशाच्या स्नायूंचा मेळ लागतो, गिळण्याची आणि खोकण्याची ताकद लागते. तोंडातून श्वासनलिकेत नळी घातलेल्या, गुंगीच्या औषधांखाली असलेल्या रुग्णाकडे यातलं काही उरलेलं नसतं, किंवा उरलं असलं तरी फार थोडं. त्याच्या तोंडात आपण जे काही घालू, ते परत बाहेर काढण्याची पूर्ण जबाबदारी आपली असते.

आयसीयूत नव्यानं काम करू लागलेल्या परिचारिका आणि ब्रदर यांच्यासाठी हे लिहितो आहे, आणि आपलं माणूस व्हेंटिलेटरवर असताना सिस्टर त्याच्या तोंडात नेमकं काय करतात हे समजून घ्यावंसं वाटणाऱ्या नातेवाइकांसाठीही. नातेवाइकांना एक विनंती आधीच करतो. वाचा, शंका विचारा, पण रुग्णाच्या तोंडात स्वतःच्या हातानं पाणी घालू नका. ओठ कोरडे दिसतात, तहान लागली असेल असं वाटतं, जीव कळवळतो. तरीही चमचाभरसुद्धा नाही. ते पाणी कुठं जातं हे पुढं वाचलं की कारण लक्षात येईल.

मग पाणी न्यायचंच कशाला?

इतका धोका असेल तर नुसते ओठ पुसून का भागत नाही, हा प्रश्न रास्त आहे.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती सतत दात, हिरड्या आणि जीभ धुते, आणि आपण नकळत ती गिळत राहतो. नळी घातली की तोंड उघडंच राहतं. लाळ आटते, जी असते ती चिकट होते, आणि गिळणं थांबल्यामुळे ती तोंडातच साचते. आजारपणाच्या पहिल्या काही दिवसांतच तोंडातल्या जंतूंची वस्ती बदलू लागते, आणि रुग्णालयात होणाऱ्या न्यूमोनियाला कारणीभूत असलेले जंतू तिथं ठाण मांडतात. दातांवरचा चिकट थर, ज्याला प्लाक म्हणतात, तो या जंतूंचा किल्लाच. एक ग्रॅम प्लाकमध्ये सुमारे १०० अब्ज जंतू असू शकतात. या थराच्या आतपर्यंत औषधी द्रावण नीट पोहोचत नाही, त्यामुळे नुसतं औषध लावून तो जात नाही. घासूनच काढावा लागतो.

घासण्याचा फायदाही दिसून आला आहे. २०२३च्या शेवटी ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात १५ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. ज्या रुग्णांचे दात रोज ब्रशनं घासले जात होते त्यांच्यात रुग्णालयात होणारा न्यूमोनिया कमी आढळला, आयसीयूतले मृत्यूही कमी आढळले. फायदा प्रामुख्यानं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत दिसला. दिवसातून तीनदा घासण्यानं दोनदापेक्षा जास्त काही मिळालं असंही दिसलं नाही. एका साध्या ब्रशच्या बाबतीत हे निष्कर्ष फार मोलाचे आहेत, आणि कामाच्या धबडग्यात माउथ केअर ‘वेळ मिळाला तर’ या यादीत टाकणाऱ्या प्रत्येक आयसीयूनं ते गांभीर्यानं घ्यायला हवेत.

मात्र एक गोष्ट इथं नीट समजून घ्यायची. ब्रश जंतू मारत नाही. तो त्यांना दातांवरून सोडवतो. सुटलेले जंतू कुठं जातात? लाळेत आणि आपण वापरलेल्या पाण्यात. म्हणजे ब्रश फिरवल्यानंतरची काही मिनिटं रुग्णाच्या तोंडातला द्रव सगळ्यात घाण असतो. तो सक्शननं, म्हणजे द्रव ओढून घेणाऱ्या यंत्राच्या नळीनं, ओढून घेतला तर काम झालं. तो तसाच घशाकडे ओघळला, तर दातांवर चिकटून बसलेले जंतू आपणच सोडवून फुप्फुसाच्या वाटेला लावले.

तोंडाची निगा ही अशी दोन कामं आहेत: सोडवणं आणि उचलणं. पहिल्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. दात पांढरे झाले, जीभ स्वच्छ झाली की समाधान वाटतं. दुसरं काम पुरतं झालं की नाही ते तोंडात डोकावून कळत नाही, आणि रुग्णाचं बरंवाईट मात्र त्यावरच ठरतं.

फुग्याबद्दलचा गैरसमज

‘पण नळीला फुगा असतो ना? तो फुगवलाय, मग पाणी खाली जाईलच कसं?’ हा प्रश्न नातेवाईक विचारतात आणि नवे कर्मचारीही. उत्तरासाठी आधी त्या फुग्याची ओळख करून घ्यावी लागेल. आयसीयूत त्याला कफ म्हणतात. खोकल्याच्या कफाशी गल्लत नको म्हणून मी इथं फुगाच म्हणेन.

नळी तोंडातून घशात, तिथून स्वरयंत्राच्या दोन पट्ट्यांमधून श्वासनलिकेत जाते. तिच्या खालच्या टोकाच्या थोडं वर हा फुगा असतो. बाहेर लोंबणाऱ्या बारीक नळीतून त्यात हवा भरली की तो श्वासनलिकेच्या भिंतीला टेकतो. त्याचं मुख्य काम म्हणजे व्हेंटिलेटरनं दिलेली हवा वर निसटू न देणं. वरचा द्रव खाली जाऊ न देणं हे त्याचं दुसरं काम, आणि ते तो बऱ्याच अंशी करतो. पूर्णपणे मात्र नाही.

१९२०च्या दशकात आर्थर गुडेल या अमेरिकन भूलतज्ज्ञानं अशा फुग्याच्या नळीवर काम केलं आणि ती लोकांना पटवून देण्यासाठी एक विलक्षण प्रात्यक्षिक केलं. आपल्या कुत्र्याला भूल देऊन, नळी घालून, फुगा फुगवून त्यानं त्याला पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं. कुत्रा पाण्याखाली नळीतून श्वास घेत राहिला. सुमारे तासाभरानं बाहेर काढल्यावर शुद्धीवर येऊन तो अंग झाडून उठला. या कुत्र्याचं नाव ‘एअरवे’ असं सांगितलं जातं. फुगा पाणी अडवतो हा विश्वास भूलशास्त्रात रुजायला अशी प्रात्यक्षिकं कारणीभूत होती.

पण तो तासाभराचा मामला होता. आयसीयूतला रुग्ण दिवसचे दिवस, कधी आठवडे नळीवर असतो. जुने फुगे आकारानं लहान आणि कडक असत. ते भिंतीवर जोरात दाबून बसत, आणि तिथला रक्तपुरवठा तुटून श्वासनलिकेला जखमा होत, ती आकसत असे. म्हणून पुढं मोठ्या आकाराचे, पातळ पडद्याचे, कमी दाबानं फुगणारे फुगे आले. आज सर्रास वापरले जातात ते हेच. हा फुगा पूर्ण फुगवला तर श्वासनलिकेपेक्षा मोठा होईल असा बनवलेला असतो. त्यामुळे श्वासनलिकेत तो कधीच पूर्ण उलगडत नाही. त्याला चुण्या पडतात. पेल्यात प्लास्टिकची पिशवी कोंबून हवेनं फुगवली तर ती सगळीकडे टेकलेली दिसते, पण तिच्या सुरकुत्यांतून वरचं पाणी झिरपत तळाला जातंच. इथंही अगदी तसंच होतं. फुग्याच्या वर रंगीत पाणी ओतून केलेल्या प्रयोगांमध्ये हा रंग चुण्यांच्या वाटेनं खाली उतरताना पाहिला गेला आहे. पॉलियुरेथेनच्या अतिपातळ पडद्याचे किंवा खाली निमुळत्या होत जाणाऱ्या आकाराचे फुगे ही गळती कमी करण्यासाठीच निघाले. गळती कमी होते, बंद होत नाही.

मग हवा आणखी भरली तर? तिथंच मर्यादा येते. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला जगायला रक्त लागतं. १९८४मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात दुर्बिणीतून हे अस्तर प्रत्यक्ष पाहिलं गेलं. फुग्यातला दाब ३० सेंटिमीटर पाण्याच्या (हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात) वर गेला की अस्तराचा रक्तप्रवाह बिघडताना दिसला. दाब २०च्या खाली गेला तर गळती आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणून २० ते ३० सेंटिमीटर पाणी हा पट्टा पाळायचा. तोंडाला हात लावण्याआधी हा दाब मोजायचा, आणि मोजायचा तो मापकानं. हवा भरायच्या बारीक नळीवरचा बाहेरचा छोटा फुगा बोटांनी दाबून ‘बरोबर वाटतोय’ म्हणणं भरवशाचं नाही. अनुभवी बोटंही इथं फसतात.

मोजण्यातलीही एक खुबी माहीत हवी. मापक जोडताक्षणी फुग्यातली थोडी हवा मापकाच्या नळीत जाते आणि दाब त्या क्षणी उतरतो. म्हणजे दाब नुसता ‘बघून’ मापक काढून घेतला तर तपासण्याच्या निमित्तानं आपण तो कमीच करून ठेवतो. जोडल्यावर हवा भरून दाब ठरलेल्या जागी आणायचा आणि मगच मापक काढायचा. काही आयसीयूंत तोंडाची निगा करण्यापुरता दाब पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे नेतात आणि नंतर परत आणतात. आपल्या विभागात तशी पद्धत ठरलेली असेल तर पाळावी, पण ३० ओलांडू नये आणि परत आणायला विसरू नये. माझं मत विचाराल तर त्या जादा दाबावर फार विसंबू नये. चुण्या राहतातच.

आता मघाचं चमचाभर पाणी. ते जिभेवरून घशात उतरतं. एरवी गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावरची पडदी मिटते, पट्ट्या जुळतात आणि पाणी अन्ननलिकेत जातं. इथं नळीमुळे स्वरयंत्राचं दार कायम उघडं धरलेलं आहे. पाणी नळीच्या बाजूनं खाली ओघळतं आणि स्वरयंत्राच्या खाली, फुग्याच्या डोक्यावर साचतं. हे डबकं तोंडातून दिसत नाही, तोंडात फिरवलेल्या सक्शनचं टोक तिथवर पोहोचत नाही. तिथून ते थेंबाथेंबानं, ठसक्याशिवाय, कुणाच्या लक्षात न येता खाली उतरत राहतं. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजनचा आकडा, सगळं त्या वेळी ठीक दिसू शकतं. त्याचा परिणाम दिसतो तो नंतर, ताप, वाढलेला बेडका आणि एक्सरेवरचा डाग या रूपात. व्हेंटिलेटर सुरू होऊन ४८ तास उलटल्यानंतर होणारा न्यूमोनिया हा व्हेंटिलेटरशी निगडित मानतात, आणि त्याचा एक मोठा मार्ग हाच.

याच डबक्यासाठी काही नळ्यांना फुग्याच्या लगेच वर उघडणारी एक वेगळी बारीक वाट दिलेली असते. तिला बाहेरून सक्शन जोडून साचलेला द्रव काढता येतो, आणि अशा उपशानं व्हेंटिलेटरशी निगडित न्यूमोनिया कमी होतो असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. नळी घालतानाच रुग्ण दोन-तीन दिवसांहून जास्त नळीवर राहील असा अंदाज असेल तर अशी नळी निवडणं शहाणपणाचं. घालून झालेली साधी नळी केवळ यासाठी बदलणं मात्र धोक्याचं असतं. ही वाट असेल तर तोंड धुण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा उपसा करायचा. वाट चिकट लाळेनं तुंबते, तेव्हा ‘काही आलं नाही’ याचा अर्थ ‘काही नव्हतं’ असा लगेच काढू नये.

डोकं कसं ठेवायचं

१९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे दोन गट केले होते. सपाट झोपवलेल्यांपैकी ३४ टक्के रुग्णांत न्यूमोनियाची शंका आली. पाठीकडून ४५ अंश उंच ठेवलेल्यांत ८ टक्के. चाचणी लहान होती, एकूण ८६ रुग्णांची, आणि नंतरच्या अभ्यासांत फरक इतका ठळक नेहमी दिसला नाही. तरी पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश उंच ठेवणं ही आज जगभरची रीत आहे, आणि ती योग्यच आहे, कारण त्यामुळे पोटातलं वर येणं कमी होतं.

मात्र तोंड धुण्याच्या वेळी एवढ्यानं भागत नाही. डोकं उंच केलं की श्वासनलिकाही तिरकी उभी राहते, आणि घशात साचलेल्या द्रवाला उतार मिळतो तो फुप्फुसाकडेच. उंच डोकं पोटाच्या बाजूनं संरक्षण देतं, तोंडाच्या बाजूनं देत नाही. म्हणून डोकं उंच ठेवूनच चेहरा एका कुशीला वळवायचा आणि हनुवटी किंचित खाली आणायची, म्हणजे खालच्या बाजूचा गाल आणि ओठांचा कोपरा हा तोंडातला सगळ्यात सखल भाग होईल. पाणी तिथं गोळा होतं, आणि सक्शनचं टोक तिथंच ठेवायचं असतं. डोकं मागे झुकवून तोंड छताकडे उघडं केलं तर दात छान दिसतात, पण घसा हाच सखल भाग होतो.

मान वळवताना सावधपणा हवा. मान पुढं वाकवली की नळीचं टोक आत सरकतं, मागे नेली की बाहेर येतं. हे सरकणं सुमारे २ सेंटिमीटरपर्यंत असू शकतं. म्हणून दाताजवळ किंवा ओठाजवळ नळीवरचा सेंटिमीटरचा आकडा आधी वाचून ठेवायचा आणि शेवटी पुन्हा वाचायचा. मानेच्या मणक्याला दुखापत असेल, डोक्यातला दाब वाढलेला असेल, तर स्थितीबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. ज्याचं डोकं उंच करताच येत नाही त्याला, परवानगी असेल तर, कुशीवर घ्यावं.

पाणी किती, कसं

जमेल तिथं हे काम दोघांनी करावं. एकाचा हात नळीवर आणि सक्शनवर, दुसऱ्याचा ब्रशवर. एकट्यानं करताना पहिली तडजोड सक्शनच्या बाबतीत होते: ब्रश आधी, ओढणं नंतर. त्या मधल्या अर्ध्या मिनिटातच पाणी घशाकडे निघून जातं. मनुष्यबळाची ओढाताण कुठं नाही? तरीही दिवसातून दोनदा, ब्रशच्या वेळेपुरती दोन माणसं एका खाटेशी उभी राहतील अशी आखणी करावी असं मी आग्रहानं म्हणेन.

सुरुवात सक्शनपासून. वाटीभर पाण्यात टोक बुडवून ते ओढतंय का पाहायचं, मगच ब्रश ओला करायचा. आधी तोंडात साचलेली लाळ ओढून घ्यायची. जुन्या लाळेवर नवं पाणी ओतण्यात अर्थ नाही. नाकातून किंवा तोंडातून पोटात घातलेल्या नळीनं अन्न नुकतंच दिलं असेल तर थांबायचं, सतत चालू असेल तर काही काळ बंद ठेवण्याबद्दल आपल्या विभागाचा नियम पाहायचा. घशाला मागच्या बाजूला ब्रश लागला की ओकारी येते, आणि भरल्या पोटी आलेली ओकारी ही वेगळीच आपत्ती.

रुग्ण गुंगीत असला तरी त्याला सांगायचं: आता तोंड स्वच्छ करतोय, मान थोडी वळवतोय. काही रुग्ण जागे असतात, ऐकतात आणि स्वतः मान वळवून मदतही करतात. घाबरून नळी चावणाऱ्या माणसाला नुसता आवाज ऐकूनही शांत होताना पाहायला मिळतं.

ब्रश लहान डोक्याचा, मऊ केसांचा. पाण्यात बुडवून नीट झटकायचा: ओला असावा, ठिबकू नये. फेस होणारी टूथपेस्ट टाळलेली बरी; फेस सक्शनला नीट येत नाही आणि त्याखाली काय साचलंय ते दिसत नाही. सक्शनची सोय असलेला ब्रश मिळाला तर उत्तमच, पण त्याची भोकं बारीक असतात आणि चिकट लाळेनं बुजतात, म्हणून गालातलं दुसरं सक्शन तरीही ठेवावं. दातांच्या आतल्या-बाहेरच्या बाजू, हिरड्यांची कड, मग जीभ मागून पुढं, टाळू, गालांची आतली बाजू. मधेमधे थांबून ओढून घ्यायचं. प्लेटलेट खूप कमी असतील किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल तर ब्रशऐवजी काय वापरायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

वाळून खपली झालेली घाण ओरबाडायची नाही. तोंड ओलसर ठेवणारं जेल आधी पातळ लावून काही मिनिटं थांबलं की खपली मऊ होते. जेलचा आणखी एक फायदा असा की सुटलेली घाण त्यात चिकटून राहते, पाण्यासारखी वाहत नाही. मात्र जुनं जेल पुसून काढल्याशिवाय नवं लावायचं नाही. थरावर थर चढून त्याचीच पोपडी होते आणि तीच सुटून घशात पडते.

यानंतर धुवायचं की पुसायचं? यावर मतभेद आहेत. धुतल्यानं सुटलेले जंतू जास्त वाहून येतात, पण वाहणारं पाणीच धोका आहे. जपानमध्ये धुण्याऐवजी ओलसर कापडानं किंवा स्पंजनं पुसून घेण्याची पद्धतही रुजलेली आहे. तिच्यात पाणी घशात जाण्याची भीती कमी, पण हात भरभर चालला तर घाण मागे राहते. मला वाटतं, निर्णय परिस्थितीवर सोडावा. दोन माणसं आहेत, सक्शन उत्तम चालतंय, चेहरा नीट वळवता येतोय, तर थोडं धुवावं: सिरिंजनं एका वेळी काही मिलिलिटरच, वरच्या बाजूच्या गालातून, धार दातांवर, घशाकडे कधीच नाही, आणि खालच्या गालात सक्शन सतत चालू. एकटेच असाल, रुग्ण खोल गुंगीत असेल किंवा सपाट ठेवावा लागत असेल, तर पिळून घेतलेल्या गॉजनं किंवा स्वॅबनं मागून पुढं पुसावं, आणि प्रत्येक वेळी स्वच्छ भाग वापरावा. काडीला लावलेल्या फोमच्या स्वॅबचं बोंड सैल तर नाही ना, हे ओढून पाहावं. ते तुटून तोंडात राहिल्याच्या घटना घडलेल्या आहेत. धुण्याचं पाणी आधी मोजून घ्यावं आणि अंदाजे तेवढं सक्शनमध्ये आलं का ते पाहावं. दहा मिलिलिटर गेलं आणि सहाच आलं, तर उरलेलं कुठंतरी आहेच.

क्लोरहेक्सिडिन या तोंडात वापरायच्या जंतुनाशक द्रावणाबद्दल विचारणा हमखास होते, कारण कित्येक वर्षं ते माउथ केअरचा अविभाज्य भाग होतं. २०१४मध्ये आलेल्या दोन आढाव्यांनी त्यावर शंका उपस्थित केली: हृदयशस्त्रक्रियेचे रुग्ण सोडले तर न्यूमोनिया कमी होत असल्याचा भक्कम पुरावा नाही, आणि मृत्यूचं प्रमाण किंचित वाढत असावं. त्याचं एक संभाव्य कारण आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. हे द्रावणही त्या फुग्याच्या चुण्यांतून झिरपतं, आणि फुप्फुसाच्या नाजूक पेशींना ते इजा करत असावं. पुढं कॅनडातल्या आयसीयूंमध्ये क्लोरहेक्सिडिन थांबवून तोंडाच्या निगेची ठरावीक पद्धत सुरू करून पाहिली गेली. मृत्यूंच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही, तोंडाचं आरोग्य मात्र सुधारलं. २०२२च्या अमेरिकी तज्ज्ञ संस्थांच्या संयुक्त मार्गदर्शनात रोज ब्रश करा, पण क्लोरहेक्सिडिनशिवाय, असं सांगितलं आहे. औषध कोणतंही असो, तोंडात गेलं की त्याचा हिशेब पाण्यासारखाच ठेवायचा.

झाल्यावर

दात स्वच्छ झाले म्हणून सक्शन लगेच बंद करू नये. जिभेखाली, दोन्ही गालांत आणि जिभेच्या मागच्या बाजूला पुन्हा एकदा ओढायचं, वेगळी वाट असेल तर फुग्यावरचा उपसा करायचा. काही मिनिटांनी परत डोकावलं तर बरेचदा पुन्हा थोडं साचलेलं सापडतं.

तोंडात वापरलेलं सक्शनचं टोक श्वासनलिकेच्या नळीत कधीही घालायचं नाही. हे सांगायची गरज पडू नये, पण सांगतो. आणि श्वासनलिकेतलं सक्शन ‘आलोच आहोत तर करून टाकू’ म्हणून करायचं नाही. त्यामागे एक कमी लोकांना माहीत असलेलं कारण आहे. व्हेंटिलेटर श्वास सोडल्यानंतरही फुप्फुसात थोडा दाब राखून ठेवतो. त्याला पीप म्हणतात. हा खालून वर येणारा दाब फुग्याच्या चुण्यांतून झिरपणाऱ्या द्रवाला रोखून धरायला मदत करतो. नळीत सक्शन घातलं किंवा व्हेंटिलेटर क्षणभर काढला की हा दाब कोसळतो, आणि फुग्यावर डबकं असेल तर त्याला खाली जायला वाट मिळते. त्यामुळे गरज असेल तेव्हा, म्हणजे बेडका जाणवत असेल, ऑक्सिजन उतरला असेल, तेव्हाच श्वासनलिकेतलं सक्शन करायचं, आणि त्याआधी तोंड आणि फुग्यावरचा भाग रिकामा करायचा. रुग्णाला कुशीवर वळवण्याआधीही हाच क्रम.

चालू कामात रुग्णाला एकदम खोकला आला, ऑक्सिजनचा आकडा उतरला, व्हेंटिलेटरनं दाब वाढल्याची घंटा वाजवली, तर ब्रश बाजूला ठेवून आधी तोंड ओढून घ्यायचं आणि मदतीला हाक मारायची. घशातून गुडगुड आवाज येत असेल किंवा व्हेंटिलेटरवर आत दिलेल्या हवेपेक्षा परत आलेली हवा सतत कमी दिसत असेल, तर फुग्याजवळून गळती आहे असं समजून दाब आणि नळीचा आकडा तपासायचा. हवा वर येऊ शकते तिथून पाणी खाली जाऊ शकतं.

ब्रश दिवसातून दोनदा. मधल्या काळात दर काही तासांनी ओठ आणि तोंड ओलसर करणं, पुसणं, साचलेली लाळ ओढणं चालू ठेवायचं. लहान बाळांच्या नळीला कधी कधी फुगाच नसतो. तिथं ही सगळी सावधगिरी आणखी काटेकोर हवी, आणि पाणी जवळजवळ नाहीच.

सगळ्यात मोठा धोका असतो तो नळी काढण्याच्या दिवशी, आणि सगळे आनंदात असल्यानं लक्ष थोडं ढळतं. फुग्यातली हवा काढली की त्याच्या डोक्यावर साचलेलं सगळं एका झटक्यात खाली जातं. म्हणून आधी तोंड, मग घसा, मग फुग्यावरची वाट रिकामी करायची, आणि त्यानंतरच हवा काढायची. नळी निघाली की रुग्ण पहिली मागणी पाण्याची करतो, नातेवाईक ग्लास घेऊन उभेच असतात. पण दिवसचे दिवस नळी बाळगलेला घसा सुजलेला, बधिर झालेला असतो. गिळणं लगेच पूर्वीसारखं होत नाही, आणि पाणी चुकीच्या वाटेनं गेलं तरी ठसका लागेलच असं नाही. गिळणं तपासून डॉक्टर किंवा गिळण्याचे तज्ज्ञ होकार देईपर्यंत तोंड ओलसर करायचं, ब्रश करायचा, आणि तोंडात घातलेलं पाणी पूर्वीसारखंच बाहेर काढायचं.